चित्रकथनाची गणना : मराठी चित्रपुस्तके आणि बालसाहित्य पुरस्कारांची परंपरा

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे गाव आचार्य विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. १९३८ मध्ये विनोबा येथे वास्तव्यास आले. आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना काही प्राचीन शिल्पपट हाती लागले. त्यांपैकी एका पटात विनोबांना राम आणि भरत यांची भेट दिसली व त्या शिल्पाची आश्रमात स्थापना झाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे मत मांडले आणि येथील शिल्पपट रामकथेतील प्रसंगांचे असून ते तत्कालीन राममंदिराचे अवशेष असावेत, असे प्रतिपादन केले. नंतरच्या काही अभ्यासकांनी या प्रसंगांच्या ओळखीविषयी शंका उपस्थित केल्या असून त्यावरील चर्चा संपलेली नाही.

या चर्चेत एक विसंगती सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या प्रवरसेनाच्या राजधानीत हे पट कोरले गेले असे मानले जाते, त्याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे प्राकृत महाकाव्य आहे. त्याचाही विषय रामकथाच आहे. म्हणजे मिराशींचे मत ग्राह्य धरले, तर एकाच दरबाराच्या छायेत एक कथा शब्दांत आणि दगडात अशी दोन माध्यमांत सांगितली गेली. शब्दांत सांगणाऱ्याचे नाव दीड हजार वर्षे टिकले. दगडात सांगणाऱ्याचे नाव तर नाहीच, पण त्याने नेमकी कोणती कथा सांगितली याविषयीही एकमत नाही. कथाकथनाच्या श्रेयात शब्दकाराला व चित्रकाराला मिळणाऱ्या स्थानातील हे अंतर प्राचीन काळापुरते मर्यादित नाही. मुलांच्या सचित्र पुस्तकांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांच्या इतिहासात ते आधुनिक स्वरूपात पुन्हा आढळते. मराठीतील बालसाहित्य पुरस्कारांची रचना साहित्यप्रकारांच्या पायावर झाली, त्यामुळे चित्राने कथा सांगणारा कलावंत त्या रचनेत मोजलाच गेला नाही, आणि जेथे त्याचा गौरव झाला तेथेही तो मुख्यतः लेखक म्हणून नोंदला गेला, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चित्रपुस्तक म्हणजे काय?

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मजकुराला शोभा आणण्यासाठी अधूनमधून चित्रे घातलेले पुस्तक हे सचित्र पुस्तक होय. चित्रपुस्तकात मात्र चित्र काढून घेतले तर कथा अपुरी राहते. मजकूर एक गोष्ट सांगतो, चित्र तीत भर घालते, कधी तिला छेद देते, कधी मजकुराने न सांगितलेले सांगून टाकते. ज्या मुलाला अद्याप अक्षरओळख नाही, त्याच्या दृष्टीने तर चित्र हाच मूळ पाठ असतो आणि मोठ्यांनी वाचून दाखवलेले शब्द ही त्यावरील टीका असते.

मराठी मुद्रित बालवाङ्मयाची सुरुवात मजकुराने झाली. १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' ही भाषांतरित पुस्तके आली. ती शालेय गरजेतून निर्माण झाली होती. चित्रांचा वापर पुढे मिशनऱ्यांच्या 'बालबोधमेवा' सारख्या मासिकांतून वाढला. १९०६ मध्ये वा. गो. आपटे यांनी 'आनंद' मासिक सुरू केले. स्वातंत्र्योत्तर काळात 'चांदोबा' आणि १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' यांनी मराठी मुलांच्या डोळ्यांना रंगीत चित्रांची सवय लावली. चांदोबाचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यातील विक्रम-वेताळाचे चित्र महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. परंतु ते काढणारे के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' यांचे नाव मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. १९२४ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराचे २०२० मध्ये निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. अमर चित्र कथा ही माला १९६७ मध्ये सुरू झाली. तिचे संपादक अनंत पै यांची कीर्ती सर्वदूर आहे. त्या मालेतील 'कृष्ण' रेखाटणाऱ्या राम वाईरकर यांची तितकी नाही. ज्यांच्या रेषांवर वाचकांचे बालपण पोसले गेले, त्यांची नावे वाचकांना माहीत नसावीत, याचे कारण केवळ वाचकांच्या अनास्थेत शोधणे योग्य होणार नाही.

लेखक आधी, चित्रकार मागाहून

बालसाहित्याच्या पुरस्कारांचा जागतिक इतिहास पाहता एक क्रम सातत्याने आढळतो. अमेरिकेत १९२२ पासून न्यूबेरी पदक दिले जाऊ लागले. ते लेखनासाठी होते. मुलांच्या पुस्तकातील चित्रकारही तितक्याच सन्मानास पात्र आहेत, ही जाणीव होऊन १९३७ मध्ये तेथील ग्रंथालय संघटनेने कॅल्डेकॉट पदकाची स्थापना केली व ते १९३८ पासून प्रदान होऊ लागले. हे पदक एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांच्या नावाचे आहे. पहिले पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना बायबलमधील प्राण्यांवरील पुस्तकासाठी मिळाले. त्या पुस्तकातील मजकूर बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून निवडलेला होता. म्हणजे त्या पुस्तकात नवे असे जे काही होते ते चित्रांतच होते, आणि पदकही त्यासाठीच दिले गेले. नव्या पुरस्काराचा हेतू याहून स्पष्टपणे व्यक्त होणे कठीण होते.

इंग्लंडमध्येही हाच क्रम दिसतो. लेखनासाठीचे कार्नेगी पदक १९३६ मध्ये सुरू झाले. चित्रांसाठीचे केट ग्रीनवे पदक १९५५ मध्ये स्थापन झाले. पहिल्या वर्षी योग्य पुस्तक न आढळल्याने ते कोणालाच दिले गेले नाही आणि १९५६ चे पदक एडवर्ड आर्डिझोन यांना मिळाले. आंतरराष्ट्रीय पातळीवरील हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून लेखकांना आणि १९६६ पासून चित्रकारांनाही दिला जाऊ लागला. अमेरिकेत सोळा वर्षे, इंग्लंडमध्ये वीस वर्षे, आंतरराष्ट्रीय मंडळात दहा वर्षे इतका चित्रकाराचा विलंब आहे. १९६७ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे बालपुस्तक-चित्रांचे द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. तेथे मूळ चित्रे मांडली जातात व त्यांचे परीक्षण होते.

आशियाच्या संदर्भात जपानमधील नोमा स्पर्धेचा उल्लेख अपरिहार्य आहे. टोकियोतील युनेस्को-आशियाई सांस्कृतिक केंद्राने १९७८ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा जपान वगळता आशिया तसेच आफ्रिका, अरब देश, लॅटिन अमेरिका या प्रदेशांतील चित्रकारांसाठी होती आणि तिच्यात अप्रकाशित चित्रेही स्वीकारली जात. जेथे रंगीत छपाई परवडत नाही व प्रकाशक धजावत नाही, तेथील चित्रकाराला पुस्तक निघण्यापूर्वीच ओळख मिळावी, अशी तिच्यामागील दृष्टी होती. शांतिनिकेतनात शिकलेले व दिल्लीत अध्यापन करणारे ए. रामचंद्रन यांना १९७८ आणि १९८० मध्ये या स्पर्धेत पारितोषिके मिळाली. भित्तिचित्रांसाठी व भव्य तैलचित्रांसाठी नावाजलेल्या या कलावंताचे बालचित्रकार हे रूप मात्र आपल्याकडील कलाचर्चेत क्वचितच येते. २००८ नंतर ही स्पर्धा थांबली. तिच्या जागी तितक्या व्यापक स्वरूपाची व्यवस्था या प्रदेशांसाठी उभी राहिल्याचे दिसत नाही.

मराठी पुरस्कारांची वर्गवारी

आता महाराष्ट्राकडे वळू. राज्य शासनाच्या उत्कृष्ट वाङ्मय निर्मितीसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत बालवाङ्मयाचा स्वतंत्र विभाग आहे, ही समाधानाची बाब आहे. त्यातील पुरस्कारांना मराठी बालसाहित्यातील मान्यवरांची नावे दिली आहेत. कवितेसाठी बालकवी, नाटक व एकांकिकेसाठी भा. रा. भागवत, कादंबरीसाठी साने गुरुजी, कथेसाठी राजा मंगळवेढेकर, छंद व शास्त्रे यांसह सर्वसामान्य ज्ञानासाठी यदुनाथ थत्ते आणि संकीर्ण प्रकारासाठी ना. धो. ताम्हणकर. ही सहा नावे वाचताना मराठी बालसाहित्याचा एक संक्षिप्त इतिहासच डोळ्यांसमोर येतो. परंतु या सहा नावांत चित्रकार एकही नाही आणि सहा प्रकारांत चित्रपुस्तक हा प्रकार नाही.

ही केवळ नामावलीची उणीव नव्हे. कविता, नाटक, कादंबरी, कथा ही विभागणी प्रौढ वाङ्मयाच्या विभागणीवरून जशीच्या तशी बालवाङ्मयात आली. तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की पुस्तक म्हणजे मजकूर, आणि बालपुस्तक म्हणजे लहानांना समजेल असा मजकूर. अशा चौकटीत चित्रपुस्तक परीक्षकासमोर आले तर त्यातील पंधरा-वीस वाक्ये सुटी काढून ती 'कथा' म्हणून तपासली जाण्याची शक्यता अधिक. जे पुस्तक पूर्णतः शब्दांविना आहे त्याला संकीर्ण विभागाखेरीज आसरा नाही. खरे पाहता संकीर्ण हा विभाग ज्यांना विभाग नाही त्यांच्यासाठी असतो.

केंद्रीय पातळीवरील स्थिती थोडी वेगळी असली तरी परिणाम सारखाच आहे. १९५४ या एकाच वर्षी साहित्य अकादेमी आणि ललित कला अकादेमी या दोन्ही संस्था स्थापन झाल्या. शब्द एका घराकडे, चित्र दुसऱ्या घराकडे अशी वाटणी झाली. मुलांचे चित्रपुस्तक ही या दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीवरील वस्तू असल्याने कोणाच्याच अंगणात आली नाही. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. मराठीसाठी पहिला पुरस्कार अनिल अवचट यांच्या 'सृष्टीत… गोष्टीत' या पुस्तकाला आणि २०११ चा दिलीप प्रभावळकर यांच्या 'बोक्या सातबंडे'ला मिळाला. दोन्ही पुस्तके गुणवान आहेत याविषयी वाद नाही. मात्र या पुरस्कारासाठी वाचकाचा वयोगट ९ ते १६ असा धरला आहे. चित्रपुस्तकाची खरी गरज ज्या वयात असते, ते तीन ते आठ वर्षांचे वय या नियमाने बाहेर राहते. नियम करताना चित्रपुस्तकाला वगळण्याचा हेतू नसावा. अकादेमी ही साहित्याची संस्था आहे आणि तिने आपले क्षेत्र आपल्या दृष्टीने आखले. तथापि हेतू नसतानाही वगळणे घडते.

ललित कलेच्या बाजूनेही ही पोकळी भरून निघत नाही. राज्य कला प्रदर्शनात उपयोजित कलेचा विभाग असतो. पण प्रदर्शनाच्या भिंतीवर सुटे चित्र लागते. चित्रपुस्तकातील पान उलटण्याची क्रिया, एका चित्राने पुढच्या चित्राविषयी निर्माण केलेली उत्सुकता, मजकुराची जागा या गोष्टी चौकटीत बसवता येत नाहीत.

माधुरी पुरंदरे : एक अभ्यासविषय

या प्रतिपादनाची कसोटी पाहण्यासाठी माधुरी पुरंदरे यांचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांचे कलाशिक्षण झाले. अनुवादक, पिकासोच्या चरित्रकार, फ्रेंचच्या अध्यापक अशा विविध भूमिकांनंतर त्यांनी मुलांसाठी लिहिलेली व स्वतः चित्रित केलेली पुस्तके पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाली. 'राधाचं घर' मालेत एका लहान मुलीच्या घरातील माणसांची ओळख होते. मजकूर अगदी थोडा, रोजच्या बोलण्यातला. घरातील पसारा, माणसांच्या बसण्या-उठण्याच्या लकबी, कंटाळलेले मूल आणि कामात असलेली मोठी माणसे हे सारे चित्रांत आहे. त्यांतील माणसे मराठी मध्यमवर्गीय घरांतील आहेत हे कपड्यांवरून किंवा भांड्यांवरूनच नव्हे, तर त्यांच्या उभे राहण्यावरूनही कळते. 'चित्रवाचन' या पुस्तकात तर वाचनाचा पाठच चित्र आहे. 'वाचू आनंदे' या त्यांनी संपादित केलेल्या संग्रहात मराठी साहित्यातील उताऱ्यांसोबत भारतीय चित्रकारांची चित्रे व लोककलेचे नमुने दिले आहेत. तेथे चित्र उताऱ्याचे नोकर म्हणून येत नाही, शेजारी म्हणून येते.

या कामाचा गौरव झाला. २०१४ मध्ये साहित्य अकादेमीचा मराठीसाठीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी देण्यात आला. २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू केला. त्यात लेखक व चित्रकार असे दोन स्वतंत्र विभाग ठेवले गेले, ही भारतीय भाषांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. लेखक विभागासाठी पहिल्या वर्षी मराठी भाषा निवडली गेली आणि तो पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना मिळाला. चित्रकार विभागाचा पहिला पुरस्कार दिल्लीचे ज्येष्ठ चित्रकार अतनु रॉय यांना मिळाला. दोन्ही निवडी यथायोग्य होत्या. पण नोंदवहीत काय उरले? मराठीत चित्र आणि शब्द एकाच हाताने निर्माण करणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या कलावंताची नोंद दोन्ही ठिकाणी 'लेखक' या स्तंभाखाली झाली. पन्नास वर्षांनी केवळ पुरस्कारांच्या याद्या समोर ठेवून इतिहास लिहिणाऱ्यास या कलावंताने चित्रेही काढली होती, हे त्या याद्यांतून कळणार नाही. पुरस्काराची यादी हे इतिहासाचे साधन आहे आणि प्रत्येक साधनाप्रमाणे ते आपल्या स्तंभांच्या मर्यादेतच बोलते.

सेवाग्रामचा धागा

चित्राला शिक्षणात गौण स्थान देण्याची ही प्रवृत्ती महाराष्ट्रात निर्विवाद होती असे मात्र नाही. पवनारपासून काही किलोमीटरवर असलेल्या सेवाग्रामात वेगळा विचार मुळे धरीत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली गेली. हाताच्या कामातून शिक्षण हे तिचे सूत्र. नंदलाल बसू यांचे शिष्य देवी प्रसाद १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. खेड्यातील मुलांच्या चित्रनिर्मितीचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून आकाराला आलेला त्यांचा विचार पुढे राष्ट्रीय पुस्तक न्यासाने १९९८ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला व तो 'शिक्षा का वाहन : कला' या नावाने हिंदीतही उपलब्ध आहे. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय.

हा विचार वर्धा जिल्ह्यात अठरा वर्षे प्रत्यक्ष राबवला गेला, तरी मराठी बालपुस्तकांच्या निर्मितीपर्यंत त्याचा प्रवाह पोहोचल्याचे दिसत नाही. याचे एक कारण अर्थव्यवहारात आहे. विदर्भातील रचनात्मक चळवळीने पुस्तक स्वस्त असावे हे मूल्य मानले. पवनारहून प्रकाशित होणारे विनोबा-वाङ्मय आजही अल्प किमतीसाठी ओळखले जाते. चार रंगांची छपाई आणि स्वस्त किंमत यांचा मेळ बसवण्यास मोठ्या प्रतिसंख्येची किंवा अनुदानाची गरज असते. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेने ते साधले, कारण तेच चित्र अनेक भाषांतील मजकुरासह छापता येत होते. त्यायोगे पुलक बिस्वास, मिकी पटेल यांच्यासारख्यांची चित्रे मराठी मुलांपर्यंत आली. मात्र ही चित्रे मराठी प्रदेशात जन्मलेली नव्हती आणि न्यासाच्या मालेमुळे मराठी चित्रकाराला मराठी पुस्तकात स्थान मिळण्याचा प्रश्न तसाच राहिला.

पुरस्कार व बाजारमूल्य यांच्या संबंधाचे आणखी एक उदाहरण विदर्भाला भाषेने नसले तरी समाजाने जवळचे आहे. चेन्नईच्या तारा प्रकाशनाने भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती या तीन गोंड चित्रकारांचे झाडांच्या रात्रीच्या जीवनावरील पुस्तक हातकागदावर, हाताने छापून २००६ मध्ये प्रसिद्ध केले. २००८ मध्ये त्याला बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्यात 'न्यू होरायझन्स' विभागाचा पुरस्कार मिळाला. तिघेही मध्य प्रदेशातील पाटणगढ परिसराशी निगडित परंपरेचे. पुढे दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र 'भीमायन' या चित्रमय ग्रंथात २०११ मध्ये साकारले. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड समाजाचा व नागपूरच्या दीक्षाभूमीचा प्रदेश असलेल्या विदर्भात या घटनेची चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. याबाबत एक आक्षेपही नोंदवणे न्याय्य ठरेल. हातकागदावरील देखणे पुस्तक परदेशी परीक्षकास मोहवते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाच्या हाती ते पोहोचत नाही. आक्षेपात तथ्य आहे. तथापि मुखपृष्ठावर तिन्ही चित्रकारांची नावे कर्ते म्हणून छापण्याचा निर्णय कागदाच्या किमतीवर अवलंबून नव्हता. तो स्वस्त पुस्तकातही घेता येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या श्रेयनामावलीत चित्रकाराचे नाव छापले जातेच.

कायदा काय म्हणतो?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये 'लेखक' या संज्ञेची व्याख्या करताना कलाकृतीच्या संदर्भात लेखक म्हणजे कलाकार, असे म्हटले आहे. म्हणजे जी गोष्ट साहित्य पुरस्कारांना मान्य नाही, ती कायद्याने पूर्वीच मान्य केली आहे. चित्रपुस्तकाचा चित्रकार हा कायद्याच्या दृष्टीने लेखकच आहे. कलम ५७ अन्वये आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार, हक्क विकल्यानंतरही, त्याच्याकडे राहतो. दुसरीकडे कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारा ठरू शकतो. एकरकमी मोबदल्यावर चित्र देणाऱ्या कलावंतास पुढील आवृत्त्यांच्या उत्पन्नात वाटा मिळत नाही तो यामुळे. पुरस्काराचे मोल अशा वेळी केवळ मानाचे राहत नाही. लेखकास स्वामित्वधन मिळत राहते आणि पुरस्कारही त्यालाच मिळतो. चित्रकाराच्या बाबतीत पुरस्काराचा मार्गही बंद असल्याने करार करताना त्याच्या शब्दाला वजन येण्याचे एकही साधन उरत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. राज्य पुरस्कारांच्या बालवाङ्मय विभागात चित्रपुस्तक हा सातवा प्रकार घालणे, त्याच्या परीक्षक मंडळात किमान एक चित्रकार असणे, प्रवेशिकेच्या नमुन्यात लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराच्या नावाचा रकाना ठेवणे आणि पुरस्काराची रक्कम दोघांत विभागण्याची तरतूद करणे इतके पुरेसे आहे. महाविद्यालयीन व सार्वजनिक ग्रंथालयांच्या तालिकेतही हाच रकाना घालता येतो. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नव्या पुरस्काराला नाव कोणाचे द्यावे, यावर अर्थातच वाद होईल. दीनानाथ दलाल यांचे नाव पुढे येईल, आणखी काहींची येतील. तो वाद झाल्यास मराठी बालपुस्तकांच्या चित्रकारांची नावे प्रथमच एका यादीत लिहावी लागतील.